डावखुऱ्याचा राघू

नजीरचाचांनी मला पहिल्याच भेटीत दारातून परत पाठवलं होतं. तेव्हा मी ऐकायला हवं होतं.

नंदुरबारच्या जुन्या गावात, मशिदीमागच्या अरुंद गल्लीत ते राहायचे. नजीर संगतराश. संगतराश म्हणजे दगड घडवणारा. तो त्यांच्या घरचा धंदा, पण रेशनकार्डावर आडनाव म्हणूनही तेच लागलं होतं. वय साठच्या आसपास, अंगाने काटकुळे, दाढी मेंदीने लाल. एकुलता मुलगा मुबीन सुरतेला कापडाच्या कारखान्यात. घरात ते आणि त्यांची बायको खातूनचाची, एवढीच माणसं. तरुणपणी दगडावर छिन्नी चालवली, पुढे ग्राइंडर आला तसं कबरींच्या ग्रॅनाइटवर नावं कोरली, पायऱ्यांच्या फरशा कापल्या. तीस वर्षं त्या ग्राइंडरची धूळ छातीत गेली होती.

मी यामिनी. शहाद्याची. नाशिकच्या एका संस्थेत जुन्या इमारतींच्या नोंदी करायचं काम करते. करोनानंतरच्या वर्षी संस्थेने मला नंदुरबारला पाठवलं ते राघूंच्या सराईसाठी.

सुरतेहून बुऱ्हाणपूरला माल घेऊन जाणारे व्यापारी पूर्वी या सराईत उतरत. पुढच्या बाजूला काळ्या दगडाचे अकरा कोरीव हात, म्हणजे भिंतीतून पुढे आलेले आधार, छज्ज्याला खालून तोलून धरून होते. प्रत्येक हातावर एक राघू, त्याच्या चोचीत आंब्याची डहाळी. त्यांच्यामुळेच सराईला ते नाव पडलं. मागची भिंत पावसात बसली, तेव्हा ज्या ट्रस्टची ती जागा होती त्याने सराई पाडून गाळे काढायचं ठरवलं. कोरीव दगड तेवढे जपून उतरवू, नव्या गाळ्यांच्या दर्शनी भागावर परत बसवू, असं त्यांनी आमच्या संस्थेला लिहून दिलं. दगड उतरवण्याआधी प्रत्येकाची मापं, फोटो, रेखाटनं करायची होती. माझ्या हातात पाच महिने होते.

अडचण पहिल्याच दिवशी कळली. दरवर्षी कुणीतरी चुना फासत आलं होतं. थरावर थर चढून राघूंचे पांढरे गोळे झाले होते. फोटोत काही येत नव्हतं. चुना काढायचा, तर खालची रेघ न दुखवता काढणारा माणूस हवा. गावात विचारलं, तेव्हा सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

"दगडनं काम मी सोडी दिधं, बेटा," नजीरचाचा दारातच म्हणाले.

मागून खातूनचाची आल्या. ठेंगण्या, आवाजाने करड्या. "चिंचपाडाना मिशन दवाखानामा छातीना फोटो काढेल शे," त्या म्हणाल्या. "आतमा निसती धूळ. डाक्टरनी सांगं, आते दगडजोडे उभं बी ऱ्हावानं नही."

मी माफी मागितली आणि निघाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सराईच्या पडवीत मापं घेत होते, तर चाचा समोर उभे.

"निसतं देखाले उनू," ते म्हणाले.

बराच वेळ ते मान वर करून एकेका हाताखाली उभे राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बांबूची कामटी मागितली. मी दिली.

पुढचं सगळं त्या एका कामटीपासून सुरू झालं, आणि ती मी दिली होती.

आमची पद्धत ठरून गेली. ते बांबूच्या परांचीवर चढायचे. आधी कामटीने चुना खरवडायचा, मग मऊ ब्रश. दगड स्वच्छ झाला की त्यावर ओला जाड कागद चिकटवायचा, आणि ब्रशने हलके ठोकत राहायचं, कागद प्रत्येक खोबणीत शिरेपर्यंत. कागद वाळत आला की शाईत बुडवलेली कापडाची पुरचुंडी वरून थोपटायची. कागद सोडवला की अख्खा राघू, पिसापिसासकट, कागदावर. ही ठशाची रीत ते तरुण असताना शिकले होते, शिलालेख वाचत फिरणाऱ्या एका सरकारी माणसाकडून. त्या माणसाबरोबर त्यांनी चार महिने गावोगाव हिंडून काम केलं होतं. आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने तेच, असं ते म्हणायचे.

पाणी मारून चुना काढू, म्हणजे धूळ उडणार नाही, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. चुना ओला झाला की त्याचा लगदा बारीक रेघांत जाऊन बसतो आणि मग कधीच निघत नाही. मी चांगले मास्क आणले. ते लावायचे, पण दोन मिनिटांत हनुवटीवर ओढून दगडावर फुंकर मारायचे.

"चाचा, मास्क."

"फूक मारा बिगर रेघ दिसस नही, बेटा."

ते फुंकायचे, धूळ परत त्यांच्याच तोंडावर यायची, ते खोकायचे, आणि खोकला थांबला की पुन्हा फुंकायचे. मी खाली उभी राहून मापं लिहून घेत असे. आज तेच चित्र डोळ्यासमोर येतं.

दगड त्यांना वाचता येत होता. पहिले तीन राघू एकाच्या हातचे, तो उस्ताद. चौथ्यापासून आठव्यापर्यंत दुसरा, हाताला घाई असलेला. पिसं मोजून दाखवत त्यांनी मला हे सांगितलं. नवव्या दगडाशी मात्र ते थांबले. त्याचा चुना काढायला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी त्यांनी मला परांचीवर बोलावलं आणि माझं बोट धरून राघूच्या पंखावरच्या खाचांवर फिरवलं.

"बाकीनास्ना घाव इकडथून शेतस," ते म्हणाले. "याना तिकडथून. हाऊ मानूस डावरा व्हता."

मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "मन्हासारखा."

तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ते कामटी डाव्या हातात धरतात. लहानपणी त्यांच्या बापाने तो हात कमरेला बांधून ठेवला होता. डाव्या हाताने मारलेला घाव दगडाला मानवत नाही, असं तो म्हणायचा. उजव्या हाताने नजीरचाचांना नक्षी कधी जमली नाही. फुलं-पानं धाकट्या भावाकडे गेली आणि यांच्याकडे राहिली ती अक्षरं आणि ग्राइंडर. हे त्यांनी मला तिथेच, परांचीवर बसून सांगितलं. कुणाबद्दल तक्रार नव्हती. फक्त पुन्हा पुन्हा ते त्या पंखावर हात ठेवत होते.

"आनि याले कोनी बी बांधं नही, देख," ते म्हणाले. "कितला मस्त हात चालना याना."

त्या दिवशी ते घरी जाताना हसत होते. एवढं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात भाजीबाजारात खातूनचाचींनी मला गाठलं. हातातली पिशवी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "रातभर बसी ऱ्हातस त्या. आडवं पडता येत नही. तू त्यास्ले बलावू नको, पोरी. तू नही बलावनी तं त्या येवाऊत नही."

"नाही बोलावणार, चाची," मी म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी त्यांना परत पाठवलं नाही. दोनच दगड उरले होते. एवढे दोन झाले की झालं, अशी मी माझी समजूत घातली. दहावा झाला. अकराव्याच्या वेळी त्यांना परांचीवर चढवेना. मग मी खरवडलं, आणि ते खालून सांगत राहिले.

जानेवारीत दगड उतरवले. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाने नंबर घातला. चाचा खुर्ची टाकून बसले होते. मजुरांना ते सांगत होते, दोर इथून घाला, पेंढा तिथे भरा. नऊ नंबर ट्रॅक्टरमध्ये चढला तेव्हा ते उठून उभे राहिले. रेल्वेलाइनपलीकडे ट्रस्टची मोकळी जागा होती, तिथे सगळे अकरा गोणपाटात गुंडाळून ठेवले. मी पावती घेतली, नाशिकला परतले आणि अहवाल लिहिला. ठशांचे कागद संस्थेत गेले. अहवालाचं कौतुक झालं.

मे महिन्यात मी नंदुरबारला आले ती दगड कसे आहेत ते बघायला. रेल्वेलाइनपलीकडची जागा सपाट होती. त्यावर मुरूम पसरून रोलर फिरवला होता. राखणदार पितांबर म्हणून एक म्हातारा होता. तो म्हणाला, गाळ्यांच्या ठेकेदाराचे ट्रक आले होते, पडलेला सगळा राडारोडा भरून घेऊन गेले. हायवेकडे कुठेतरी भराव चालू आहे, तिकडे.

"आणि गोणपाटातले दगड?"

"त्या बी दगडच ना, ताई," पितांबर म्हणाला. त्याच्या बोलण्यात कसलाही कावा नव्हता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

ट्रस्टवाल्यांनी हळहळ व्यक्त केली. ठेकेदाराने फोन उचलला, चुकून गेले असतील म्हणाला, आणि पुन्हा उचलला नाही. मी हायवेवर दोन दिवस फिरले. भरावावर डांबर पडलं होतं. ते उकरायला कोण देणार?

त्या संध्याकाळी मी चाचांकडे गेले. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. नाकात प्राणवायूची नळी होती, शेजारी मशीन घरघरत होतं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"राघू बरा शेतस ना?" त्यांनी विचारलं.

दारात खातूनचाची उभ्या होत्या. खाटेवरच्या माणसाला श्वास पुरत नव्हता. मी म्हणाले, "हो चाचा, सगळे बरे आहेत. आता वर पत्र्याची शेड घातलीय."

एकदा सांगितलं आणि मग ते वाढतच गेलं. त्यानंतर बदली मागून मी नंदुरबारलाच राहिले, जिल्ह्यातल्या जुन्या विहिरींच्या नोंदींसाठी. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचे. दर रविवारी ते काहीतरी विचारायचे आणि मी काहीतरी रचून सांगायचे. शेडला कुलूप आहे. पावसाचं पाणी आत येत नाही. गाळ्यांचं काम लांबलंय, पण होईल. दिवाळीच्या सुमारास एकदा ते जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "नऊ नंबरनं तोंड कोनी बाजूले शे?"

मी गडबडले. "भिंतीकडे, चाचा. म्हणजे धक्का लागायला नको."

"बेस करं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले. मुबीन सुरतेहून आला. गल्लीतले लोक जनाजा घेऊन निघाले, तेव्हा मी बायकांमध्ये आत बसले होते. खातूनचाची माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मला वाटलं, दुःखामुळे.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांनी मला निरोप पाठवून बोलावलं. मुबीन त्यांना सुरतेला न्यायचं म्हणत होता. घरात गाठोडी बांधलेली होती, मशीन परत गेलं होतं आणि खाट भिंतीला उभी केलेली होती. चाचींनी मला चहा दिला. मी कप खाली ठेवेपर्यंत त्या थांबल्या.

"त्यास्ले मालूम व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय, चाची?"

"दगडस्नं. बठ्ठं मालूम व्हतं."

मग त्यांनी सांगितलं. गल्लीत भिला म्हणून एक जण आहे, त्याचा टेम्पो आहे. तो सुरत रस्त्यावर भाडं घेऊन जातो. ऑगस्टमध्ये तो विसरवाडीला एका ढाब्यावर हातपाय धुवायला थांबला, तर नळाखाली राघूचा दगड. त्याने सहज घरी येऊन सांगितलं. चाचांनी कुणाला कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतंय म्हणाले, नाकातली नळी काढून ठेवली, आणि बायकोला घेऊन एसटीने निघाले. खांडबाऱ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांना इतकी धाप लागली होती की कंडक्टर उतरा म्हणत होता. ते उतरले नाहीत.

"नऊ नंबरच व्हता?" मी विचारलं. माझ्या तोंडून अहिराणीच निघाली.

"त्यास्नी हात फिराईसन सांगं, तोच."

"मग आणला का नाही? भिलाचा टेम्पो होता."

खातूनचाचींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी बी तेच म्हनं. भिलाले सांगू, घर लई जाऊ, खाटजोडे ठेवू. तं मन्हावर चिडना. म्हने, ती पोर दर रविवारले येस. घरमा दगड देखी तं तिले समजी जाई, आपले मालूम शे म्हनीसन. तिले कितलं वाईट वाटी. तुन्हाकरता त्यास्नी तो दगड घर आना नही."

चाचींनी ओढणीने डोळे पुसले नाहीत, की आवाज चढवला नाही. त्या नुसत्या सांगत राहिल्या. चाचा त्या नळापाशी खूप वेळ बसले. मग ढाब्यावरच्या माणसांना हात जोडून त्यांनी दगड पालथा घालायला लावला. तोंड खाली, मातीत. पाय पडले तरी पाठीवर पडतील.

दिवाळीतला तो प्रश्न त्यांनी मला का विचारला होता, ते तेव्हा मला कळलं. मी तोंड भिंतीकडे आहे म्हणाले. माझं खोटं त्यांच्या खऱ्याच्या इतकं जवळ कसं गेलं, याचं त्यांना समाधान वाटलं असेल, की नुसती माझी कीव आली असेल, हे आता कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी भिलाच्या टेम्पोत बसून मी विसरवाडीला गेले. ढाब्याचा मालक इंद्रसिंग, वरच्या सातपुड्यातला, मोठ्या शरीराचा आणि मवाळ बोलणारा माणूस. भराव टाकणाऱ्या ट्रकमधून हा एक दगड बाजूला पडला होता, सपाट दिसला म्हणून त्याने नळाखाली घेतला. चित्र आहे हे त्याने पाहिलं होतं, पण त्याचं काही असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बाबा आला होता तो," इंद्रसिंग म्हणाला. "मी म्हटलं, बाबा, घेऊन जा, मी उचलून देतो. तर म्हणे, नको, राहू दे, फक्त उलटा कर. तिघं लागलो आम्ही उलटा करायला. जाताना त्याच्या बाईला मी चहा पाजला. त्याला पिता येईना. कोण होता तो? त्याच्या घराचा होता का दगड?"

"हो," मी म्हणाले.

चौघांनी मिळून दगड उचलला. खालची बाजू चिखलाने भरलेली होती. टेम्पोत मी त्याच्याशेजारीच बसले. खांडबाऱ्याच्या रस्त्यावर खड्डे फार. प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी त्याला धरत होते. जणू आता त्याला काही व्हायचं उरलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. खातूनचाची बाहेर आल्या, सोबत मुबीन. मुबीनने दगडाकडे पाहिलं आणि मान फिरवली. चाची टेम्पोच्या फळीपर्यंत आल्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी राघूच्या डोळ्यातला चिखल पुसला, मग चोचीतला, मग पंखावरचा थोडा. पंखापाशी त्यांचा हात थांबला.

"आते कसाले आना, पोरी?" त्या म्हणाल्या.

ओढणीचं मळलेलं टोक झटकून त्या आत गेल्या. मुबीनने दार लोटून घेतलं, जोरात नाही, सावकाश.

"ताई, कोठे उतारू?" भिलाने विचारलं.

ट्रस्टच्या गाळ्यांना काचेचे दर्शनी भाग आले होते, तिथे दगडाला जागा नव्हती. वाचनालयात विचारलं, ते म्हणाले वजन फार आहे, फरशी नवी आहे. एका शाळेने हो म्हटलं आणि दोन दिवसांनी नाही कळवलं. शेवटी तो माझ्या संस्थेच्या गाडीतून नाशिकला गेला. तिथे कोठारात एका लोखंडी मांडणीवर तो आहे. खाली कार्ड आहे. त्यावर लिहिलंय की कारागीर अज्ञात, डावखुरा. ओळख पटवणारे नजीर संगतराश, नंदुरबार. ते कार्ड मी स्वतः लिहिलं. उरलेल्या दहांच्या कार्डांवर मापं आहेत, ठसे आहेत, आणि 'सध्या कुठे' हा रकाना कोरा आहे.

खातूनचाची सुरतेला गेल्या. मी अधूनमधून फोन करते. मुबीन उचलतो, त्यांच्याकडे देतो. त्या म्हणतात, "बरं शे." मी विचारते, जेवलात का, थंडी आहे का तिकडे. त्या उत्तरं देतात. चाचांचं नाव आमच्यात अजून एकदाही निघालेलं नाही.